घाऊक दारूचा परवाना : एक कायदा आणि तीन राज्ये

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला व्यवसायाची नोंदणी ही काही अवघड गोष्ट वाटत नाही. एकट्याचा धंदा असो, १९३२ च्या कायद्याखालची भागीदारी संस्था असो की कंपनी असो, नाव ठरवावे, कागद जोडावेत, फी भरावी आणि धंद्यास लागावे, असा त्याचा समज असतो. किराणा, कापड, लोखंड किंवा कागद यांच्या बाबतीत तो बहुतांशी खराही आहे. परंतु एक माल असा आहे की ज्याच्या बाबतीत हा समज पहिल्याच पायरीवर कोसळतो. तो माल म्हणजे दारू. दारूचा घाऊक व्यापार करावयाचा झाल्यास नोंदणी कशी होते, ती कोण देते, कोठे मिळते आणि कोठे मुळीच मिळत नाही, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

प्राध्यापकाने लिहावयास हाच विषय का निवडावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण माझ्या घराच्या पत्त्यात आहे. माझे आईवडील जळगाव जिल्ह्यातून पोटासाठी सुरतेस आले आणि बमरोलीत स्थायिक झाले. नोकरीनिमित्त मी इकडे राहत असलो, तरी सुट्टीतले माझे घर बमरोलीचेच. बमरोली हे सुरत शहराच्या दक्षिण अंगाला, उधना आणि पांडेसरा यांच्या शेजारचे गाव. २००६ साली ते सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्या खडखडाटात अहिराणी, ओडिया, हिंदी व गुजराती अशा चार भाषा एकमेकींना हाका मारत असतात. गाव गुजरातेत, म्हणजे दारूबंदीच्या राज्यात. तरीदेखील घाऊक दारूच्या परवान्याबद्दल मला महाविद्यालयात जितक्या वेळा विचारतात त्याहून अधिक वेळा बमरोलीत विचारतात. "काका, तुम्ही कॉमर्सचे प्रोफेसर, नवापूरला गोडाऊन टाकून परवाना काढायचा तर काय लागतं?" हा प्रश्न मी नुकत्याच पदवीधर झालेल्या, मागावर काम करणाऱ्या बापांच्या मुलांकडून ऐकला आहे. प्रश्नामागे बेकारी असते, थोडी हौस असते, आणि पुष्कळदा एखाद्या अनोळखी माणसाने दाखविलेले आमिषही असते. म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावे असे मला वाटले.

परवाना हा हक्क नव्हे

भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास कोणताही धंदा किंवा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, हे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. मग दारूचा व्यापार त्यात येत नाही काय? सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर १९५४ साली अजमेरच्या कुवरजी भरुचा यांच्या खटल्यात दिले, आणि १९९४ साली खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात अधिक विस्ताराने दिले. त्याचा सारांश असा की, मादक पेयांचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणासही नाही. राज्याला हा व्यापार संपूर्ण बंद करता येतो, स्वतःकडे ठेवता येतो, किंवा अटी घालून इतरांना करू देता येतो.

संविधानातील आणखी दोन जागा येथे लक्षात ठेवल्या पाहिजेत. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आठव्या क्रमांकावर मादक मद्यांचे उत्पादन, ताबा, वाहतूक, खरेदी व विक्री हा विषय आहे, आणि एकावन्नाव्या क्रमांकावर त्यावरील उत्पादनशुल्क आहे. म्हणजे दारूविषयी कायदा करण्याचा आणि तीवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांचा. दुसरी जागा सत्तेचाळीसाव्या अनुच्छेदाची. औषधी उपयोग सोडून मादक पेयांच्या सेवनास बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व त्यात आहे. एका हाताने कर घ्यावयाचा अधिकार आणि दुसऱ्या हाताने बंदी आणावयाचे कर्तव्य, अशी ही जोडी आहे. वेगवेगळ्या राज्यांनी या दोहोंपैकी ज्याला अधिक वजन दिले, त्यावर तेथील घाऊक परवान्याचे स्वरूप ठरले.

तेव्हा परवाना म्हणजे काय? महाराष्ट्रात लागू असलेल्या दारूबंदी अधिनियमाच्या ४९ व्या कलमात त्याचे उत्तर स्वच्छ दिले आहे. मादक पदार्थांचा व्यवहार हा शासनाचा अनन्य विशेषाधिकार आहे, आणि परवान्याची फी म्हणून जे घेतले जाते त्यात तो विशेषाधिकार दुसऱ्यास वापरू दिल्याचा मोबदला आलेला आहे. किराणा दुकानाची नोंदणी करणारा आपला हक्क बजावीत असतो. दारूचा घाऊक परवाना घेणारा मात्र शासनाची वस्तू भाड्याने घेत असतो. आणि भाडेकरूला घरमालक केव्हाही जागा सोडावयास सांगू शकतो.

घाऊक व्यापारावरच एवढा डोळा का?

दारू तयार करणारे कारखाने थोडे असतात. किरकोळ दुकाने आणि परमिट रूम हजारोंनी असतात. या दोहोंच्या मध्ये घाऊक व्यापारी बसलेला असतो. कारखान्यातून निघालेली प्रत्येक पेटी त्याच्या गोदामातून जाते आणि दुकानात पोचलेली प्रत्येक पेटी त्याच्या वहीतून आलेली असते. दुहेरी नोंदीची पद्धत शिकलेल्या विद्यार्थ्याला हे चटकन उमगेल. कारखान्याची जावक ही घाऊक व्यापाऱ्याची आवक, आणि घाऊक व्यापाऱ्याची जावक ही दुकानदाराची आवक. तिन्ही वह्या जुळल्या तर माल चोख. न जुळल्यास कोठेतरी शुल्क बुडाले आहे किंवा बाहेरची बाटली आत घुसली आहे. नदीवरच्या नाक्याप्रमाणे हे ठिकाण आहे. ज्याच्या हाती नाका, त्याच्या हाती सारी वाहतूक. म्हणूनच गेली दीडशे वर्षे सरकार कोणाचेही असो, त्याने या नाक्यावरचा हात कधी सोडला नाही.

याचे उदाहरण सुरत जिल्ह्यातच सापडते. मोहाच्या फुलांची दारू आणि ताडी ही दक्षिण गुजरातेतील आदिवासींची घरगुती वस्तू होती. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला आणि घरोघरच्या भट्ट्या बेकायदा ठरल्या. दारू मध्यवर्ती भट्टीत गाळावयाची, तिचा पुरवठा मक्तेदाराने करावयाचा आणि विक्री परवानाधारक दुकानातून व्हावयाची, अशी व्यवस्था लागली. परवाने बहुधा पारशी व्यापाऱ्यांच्या हाती गेले. ज्याने काल स्वतःच्या अंगणात दारू काढली, त्याला आज ती उधारीवर विकत घ्यावी लागली आणि उधारी फेडताना जमीन गेली. १९२२ साली 'देवी'ची चळवळ या भागात पसरली. तिचा उगम पालघरकडील किनाऱ्यावरच्या कोळी लोकांत झाला आणि ती डांगमार्गे सुरत जिल्ह्यात आली. देवी अंगात येऊन सांगे की दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूविक्रेत्यांकडे कामास जाऊ नका. आणि हजारो लोकांनी ते ऐकले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा सविस्तर अभ्यास केला आहे. दारूचा परवाना ही केवळ कचेरीतील गोष्ट नव्हे, तिच्यामागे माणसांच्या जमिनी आणि संसार असतात, हे आपल्याच मुलखाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले होते.

एका कायद्याची वाटणी

मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. महायुद्धामुळे मंत्रिमंडळ गेले आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. या कायद्यास बलसारा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदी रद्द केली, बाकीचा कायदा बव्हंशी कायम ठेवला.

त्या वेळच्या मुंबई राज्यात सुरत होते, जळगाव-धुळे होते, आणि बेळगाव, धारवाड, विजापूर व कारवारही होते. म्हणजे या अंकाच्या मराठी विभागाचे वाचक आणि कन्नड विभागाचे वाचक यांचे आजोबा एकाच दारूबंदी कायद्याखाली राहत होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि पुढे त्यांना तेथील कायदे लागू झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये झाली, आणि १९४९ चा तोच कायदा दोघांच्याही वाट्यास आला. आज महाराष्ट्रात त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे आणि गुजरातेत गुजरात दारूबंदी अधिनियम आहे. साल मात्र दोहोंपुढेही १९४९ हेच लिहितात.

उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे बारडोली, व्यारा, सोनगढ मागे टाकून नवापूर स्टेशन येते. या स्टेशनचा फलाट अर्धा गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. तेथे एक बाक आहे, त्याच्या मध्यावर दोन राज्यांची सीमारेषा रंगवलेली आहे. बाकाच्या एका टोकावर बसलेला मनुष्य आणि दुसऱ्या टोकावर बसलेला मनुष्य यांना दारूच्या बाबतीत लागू असलेला मूळ कायदा एकच. पण एका टोकावर त्या कायद्याखाली घाऊक व्यापाराचा परवाना मिळू शकतो, आणि दुसऱ्या टोकावर तोच व्यापार केल्यास तुरुंग मिळतो. हे कसे घडते?

याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. या कायद्याची बारावी व तेरावी कलमे दारू गाळणे, बाळगणे, नेणे, विकणे या साऱ्याला बंदी करतात. पुढची काही कलमे त्या भिंतीत दारे ठेवतात. ३३ वे कलम व्यापार व आयात परवान्याचे, ३४ वे विक्रेत्याच्या परवान्याचे, ३५ वे हॉटेलच्या परवान्याचे, आणि ४० वे पिणाऱ्याच्या परवान्याचे. दारे किती उघडावयाची हे राज्य सरकारने नियम करून ठरवावे, असे कायदा म्हणतो. महाराष्ट्राने १९६० नंतर ही दारे टप्प्याटप्प्याने उघडली. गुजरातेने ती फटीएवढीच ठेवली.

महाराष्ट्रातील रीत

महाराष्ट्रात विदेशी मद्याचा, म्हणजे व्हिस्की, रम, ब्रँडी, बिअर इत्यादींचा व्यवहार १९५३ च्या विदेशी मद्य नियमांखाली चालतो. त्यात परवान्यांना नमुन्यांची नावे आहेत. घाऊक व्यापाराचा परवाना 'एफएल-१', किरकोळ दुकानाचा 'एफएल-२', परमिट रूमचा 'एफएल-३', क्लबचा 'एफएल-४'. देशी दारूसाठी १९७३ चे वेगळे नियम असून त्यात उत्पादनास 'सीएल-१', घाऊक विक्रीस 'सीएल-२' आणि किरकोळ विक्रीस 'सीएल-३' असे नमुने आहेत.

घाऊक परवाना मागणाऱ्याने प्रथम आपली व्यवसाय-संस्था कायदेशीररीत्या उभी केलेली असावी लागते. भागीदारी असल्यास भागीदारीचे लेख, कंपनी असल्यास तिची नोंदणी, आणि आयकराचा पॅन क्रमांक. वस्तू व सेवा कराचा येथे संबंध नाही, कारण मानवी सेवनाची दारू संविधानानेच त्या कराबाहेर ठेवली आहे. तिच्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो, म्हणून त्या कराखाली नोंदणी हवी. गोदामाची जागा मालकीची किंवा भाड्याची असल्याचा पुरावा, जागेचा नकाशा, स्थानिक संस्थेची हरकत नसल्याचा दाखला, अर्जदाराच्या वर्तणुकीविषयी पोलिसांचा अहवाल आणि आर्थिक ऐपतीचा पुरावा ही पुढची पायरी. अर्ज जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांमार्फत वर जातो. खात्याचे निरीक्षक जागा पाहून अहवाल देतात, आणि मंजुरी वरच्या पातळीवरून येते. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मद्यांसाठी मानके केली व ती १ एप्रिल २०१९ पासून अंमलात आली. दारू ही कायद्याच्या दृष्टीने अन्नपदार्थांतही मोडते, म्हणून घाऊक विक्रेत्यास त्या खात्याचाही परवाना लागतो.

परवाना हाती आला म्हणजे काम संपले असे नाही, किंबहुना तेथे ते सुरू होते. परवाना आर्थिक वर्षाचा असतो, दर वर्षी फी भरून नूतनीकरण करावे लागते. माल फक्त परवानाधारक उत्पादकाकडून किंवा दुसऱ्या घाऊक परवानाधारकाकडून घ्यावयाचा. विकावयाचा तो परवानाधारक दुकाने, परमिट रूम व क्लब यांनाच. थेट पिणाऱ्यास एक बाटलीही नाही. प्रत्येक खेपेबरोबर वाहतूक पास हवा, त्यावर गाडीचा क्रमांक, मालाची जात व संख्या, निघण्याचे आणि पोचण्याचे ठिकाण. आवक-जावकीच्या नोंदवह्या रोजच्या रोज लिहावयाच्या आणि निरीक्षक येईल तेव्हा दाखवावयाच्या. अट मोडल्यास परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार खात्यास आहे.

आता बमरोलीच्या मुलांचा नेमका प्रश्न घेऊ. नवापूरला रीतसर घाऊक परवाना असला, तर तेथून सुरतेस माल पाठवता येईल काय? मुळीच नाही. परवाना महाराष्ट्राचा, म्हणून ग्राहकही महाराष्ट्रातील परवानाधारक. दुसऱ्या राज्यात माल धाडावयाचा तर निर्यातीचा पास लागतो आणि ज्या राज्यात माल जाणार त्याची परवानगी लागते. बाजारात विकण्यासाठी अशी परवानगी गुजरात देत नाही. 'नवापूरला परवाना काढून सुरतेत धंदा' असे जो कोणी सांगतो, तो परवान्याची भाषा वापरून चोरट्या व्यापाराचे निमंत्रण देत असतो, हे स्पष्ट समजावे.

कर्नाटक, गोवा आणि दमण

कन्नड विभागाच्या वाचकांना कर्नाटकाची रीत ठाऊक असेल. तेथे १९६५ चा अबकारी कायदा आणि १९६८ चे विक्री नियम आहेत, आणि घाऊक परवान्याला 'सीएल-१' म्हणतात. नावाच्या साम्याने घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो, महाराष्ट्रात 'सीएल-१' म्हणजे देशी दारूचा कारखाना, कर्नाटकात तोच शब्द घाऊक विक्रीचा. २००३ साली कर्नाटकाने राज्य पेय निगम स्थापन केले आणि घाऊक व्यापार त्याच्याकडे घेतला. कारखान्यांनी माल निगमाच्या डेपोत आणावयाचा, दुकानदारांनी पैसे भरून तेथूनच न्यावयाचा. खाजगी घाऊक व्यापाऱ्याला त्या व्यवस्थेत जागा उरली नाही. तामिळनाडूने हेच १९८३ साली केले होते आणि केरळाने त्याच सुमारास. तेव्हा बेळगावातील एखादा विद्यार्थी 'घाऊक दारूची संस्था नोंदवू का' असे विचारील, तर त्याला सांगावे लागेल की नाक्यावर आता सरकार स्वतःच बसले आहे.

याच्या उलट टोकाला गोवा आणि दमण. पोर्तुगीज राजवट संपल्यानंतर १९६४ साली गोवा, दमण व दीव यांच्यासाठी अबकारी शुल्काचा कायदा झाला, आणि गोवा १९८७ साली राज्य होऊन वेगळे झाल्यावरही दोन्हीकडे त्याच कायद्याची परंपरा चालू राहिली. तेथे खाजगी घाऊक व्यापार उघडपणे आणि मोठ्या प्रमाणावर चालतो. दमण तर वापीच्या पलीकडे, सुरतेहून काही तासांच्या वाटेवर आहे.

अशा प्रकारे एकाच प्रश्नाला तीन उत्तरे मिळतात. महाराष्ट्र म्हणतो, नाका भाड्याने देतो. कर्नाटक म्हणते, नाका मीच चालवतो. गुजरात म्हणते, नाका बंद आहे.

बमरोलीत काय होऊ शकते?

गुजरातेत दारूबंदी असली तरी दारू तेथे कायदेशीररीत्या अजिबात नाही असे मात्र नाही. प्रकृतीच्या कारणास्तव वैद्यकीय तपासणीनंतर परवाना मिळतो, बाहेरून आलेल्या पाहुण्यांना तात्पुरता परवाना मिळतो, आणि त्यांच्यासाठी काही हॉटेलांत अधिकृत दुकाने आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तेथील कर्मचारी व अधिकृत पाहुणे यांच्यासाठी काही ठिकाणी मद्यपानास मुभा देण्यात आली. पण हा सर्व पुरवठा मोजक्या परवानाधारकांच्या गरजेपुरता आहे. बमरोलीतील एखाद्या पदवीधराने संस्था नोंदवून बाजारासाठी घाऊक दारू विकावी, असे दार त्यात नाही.

बमरोलीत मद्यार्काचा कायदेशीर घाऊक व्यापार होऊ शकतो, पण तो पिण्याचा नव्हे. पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या आणि रसायनांच्या कारखान्यांचा हा परिसर आहे. औद्योगिक कामासाठी लागणारे विकृत स्पिरिट ठेवण्यास व विकण्यासही नशाबंदी व आबकारी खात्याचाच परवाना लागतो, त्याचेही साठ्याचे हिशेब असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ठरविले की, औद्योगिक मद्यार्कही राज्यांच्या 'मादक मद्य' या अधिकारात येतो. १९८९ चा विरुद्ध निर्णय त्याने मागे पडला. कारण उघड आहे. कारखान्याच्या पिंपातून निघालेले द्रव्य वाट चुकले तर ते माणसाच्या घशात जाते. मेथिल अल्कोहोल दिसायला व वासाला दारूसारखेच, पण शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी दृष्टी जाते, मग प्राण.

नोंद नसलेला घाऊक व्यापारी

आता या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. नाका बंद आहे म्हणून वाहतूक बंद झाली आहे काय? बमरोलीत राहिलेला कोणीही मनुष्य याचे उत्तर देईल. माल येतो. म्हणजे तो कोणीतरी घाऊक खरेदी करतो, साठवतो, वाटतो. घाऊक व्यापारी आहेच. नाही ती फक्त त्याची नोंद.

आमच्या गल्लीतील एक मुलगा हप्त्याने घेतलेला टेम्पो चालवीत असे. कापडाचे तागे नेण्याचे काम मंदावले, तेव्हा कोणीतरी त्याला रात्रीच्या एका खेपेचे आठवड्याच्या कमाईइतके पैसे देऊ केले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तो पकडला गेला. टेम्पो जप्त झाला, हप्ते मात्र चालू राहिले. त्याची आई आजही लोकांच्या साड्यांना टिकल्या लावून ते फेडते आहे. माल कोणाचा होता हे त्या मुलाला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. त्याला फक्त एक फोन नंबर ठाऊक होता आणि तो दुसऱ्या दिवसापासून बंद होता.

२०१७ च्या दुरुस्तीने गुजरातेत दारू बनविणे, विकणे व वाहून नेणे यांस दहा वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. विषारी दारूने मृत्यू घडविणाऱ्यास तर त्याआधीच्या, २००९ च्या दुरुस्तीने देहान्ताचीही शिक्षा ठेवलेली आहे. शिक्षा कडक आहे याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ती बहुधा कोणाच्या हाती पडते हे पाहावे. परवान्याच्या व्यापारात गोदामाच्या दारावर मालकाचे नाव असते, पासावर त्याची सही असते. चूक झाली तर खाते प्रथम त्याला धरते. नोंद नसलेल्या व्यापारात मालकाचे नाव कोठेच नसते, म्हणून जो मालाजवळ सापडतो तोच गुन्हेगार ठरतो; आणि मालाजवळ सापडतो तो हमाल, ड्रायव्हर, नाहीतर पोटल्या विकणारी एखादी विधवा.

हीच गोष्ट विषारी दारूच्या वेळी दिसते. २००९ च्या जुलैत अहमदाबादेत शंभराहून अधिक माणसे मेली. २०२२ च्या जुलैत बोटाद भागात चाळीसहून अधिक गेली, तेथे लोकांनी प्यायले ते पाणी घातलेले मेथिल अल्कोहोलच होते. परवान्याच्या बाटलीवर कारखान्याचे नाव व उत्पादनाचा क्रमांक असतो, दोष निघाल्यास घाऊक व्यापाऱ्याच्या वहीवरून त्या क्रमांकाच्या साऱ्या पेट्या शोधून परत आणता येतात. प्लॅस्टिकच्या पोटलीला वही नसते.

म्हणून परवाने खुले केले की सारे प्रश्न सुटले, असे कोणी समजू नये. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली, आणि मुंबईत तर परवान्याच्या दुकानांचा तुटवडा नव्हता. ती मेली कारण परवान्याची बाटली त्यांच्या खिशाला परवडत नव्हती. शुल्क वाढले की बाटली महागते आणि गरीब पुन्हा भट्टीकडे वळतो. शिवाय बमरोलीतील बायकांना विचारले, तर त्यातल्या बहुतेक जणी दारूबंदी उठवू नका असेच म्हणतील. कोपऱ्यावर उघडे दुकान नाही, पगाराच्या दिवशी नवरा निदान घराकडे वळतो, एवढाही आधार त्यांना मोठा वाटतो. महाराष्ट्रातही गावातील बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडण्याची, 'आडवी बाटली'ची, तरतूद आहे आणि अनेक गावांनी ती वापरली आहे. ज्यांच्या घरात दारूने जेवणाची ताटे उपडी होतात, त्यांचे मत कचेरीतल्या हिशेबापेक्षा हलके मानण्याचे कारण नाही.

तात्पर्य

विद्यार्थिमित्रहो, या साऱ्या विवेचनातून मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली व्यवहाराची. ज्याला हा धंदा करावयाचाच असेल त्याने आधी राज्य पाहावे. महाराष्ट्रात किंवा गोव्यात असाल तर परवाना मागता येईल, पण तो हक्काने नव्हे, आणि त्याबरोबर वही, पास, तपासणी व जबाबदारी गळ्यात येईल. कर्नाटकात असाल तर घाऊक व्यापार सरकारचा. गुजरातेत असाल तर तो विचार मनातून काढावा. आणि कोणी 'कागद माझे, गाडी तुझी' असे म्हणाल्यास कागदावर कोणाचे नाव आहे, माल कोठे उतरणार आहे आणि पास कोणत्या राज्याचा आहे हे तीन प्रश्न विचारावेत. प्रामाणिक व्यापाऱ्याला त्यांची उत्तरे देणे जड जात नाही.

दुसरी गोष्ट वाणिज्याच्या शिक्षणाची. नोंदणी म्हणजे फी भरून मिळणारा कागद, असे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. तिचा खरा अर्थ असा की, मालामागे एका माणसाचे नाव उभे राहते आणि त्या मालाने कोणाचे नुकसान झाले तर लोकांना त्याच्या दारी जाता येते. दारू विकावी की विकू नये याबद्दल तुमचे-माझे मतभेद होतील, राज्याराज्यांचेही आहेतच. पण विकली जात असेल, तर विकणाऱ्याचे नाव कोठेतरी लिहिलेले असले पाहिजे, याबद्दल मतभेद होऊ नये. ते नाव लिहिलेले नसते तेव्हा त्याची किंमत आमच्या गल्लीतल्या त्या बाईसारखी माणसे भरतात, साडीमागे एकेक टिकली लावून.